उणे पंधराशे एक

गंगापूर रोडवरच्या कॉलेजचं तळघर.
चुंबकाभोवती फरशीवर पिवळी पट्टी,
तिच्या आत किल्ल्या नाहीत, घड्याळ नाही, हेअरपिनसुद्धा नाही.
नळी पुसताना मी हातमोजे घालते, एकावर एक दोन.

आज ऋचा बोरस्तेचं संयुग आहे:
मधे पारा, दोन्हीकडून गंधकाने धरलेला.
प्रोब एकाहत्तर पूर्णांक सहावर जुळवला
आणि आता रात्रभर ऐकत बसायचं.
पाऱ्याच्या शंभर अणूंतले सतराच धड बोलतात,
बाकीचे मुके, नाहीतर बरळणारे.

आबा झारेकरी होते.
दहीपुलाखालच्या नाल्यातला गाळ काठवटीत घोळून घोळून
सराफांनी झाडून टाकलेलं सोनं हुडकायचे.
शेवटच्या मूठभर काळ्या रेतीत पारा ओतायचा,
फडक्यातून पिळायचा,
उरलेली गोळी स्टोव्हवर.
पारा उडायचा. आई म्हणायची, गेला एकदाचा.
कुठे गेला
ते पुढे आबांच्या बशीतल्या चहाने सांगितलं,
काठापर्यंत येऊन येऊन सांडणाऱ्या.

मोजायला शून्य लागतं.
पाऱ्याच्या मोजपट्टीवरचं शून्य म्हणजे
एक बिनरंगी, पाण्यासारखं द्रव,
थेंब हातमोज्यातून आत जातो
आणि काही महिने गप्प राहतो.
ते आम्ही मागवत नाही.
कपाटात मर्क्युरिक क्लोराइडची कुपी आहे, तीही विषच,
पण रीतभात पाळणारं.
तिच्या खुणेसमोर वहीत लिहायचं: उणे पंधराशे एक.
शून्याच्या इतकं खाली उभं राहून
आम्ही बाकी सगळं मोजतो.
आबांना कुणी असं अंतर मोजून दिलं नाही.

पहाटे साडेचारला
गोंगाटातून एक टोक वर आलं,
आधी वाटलं डोळ्यांचा भास,
मग नाही वाटलं.

ऋचा थंडीत कानटोपी घालून आली, पडद्याला नाक लावून म्हणाली,
धरलाय! गंधकाने धरलाय!
हे नाल्यात सोडलं ना मावशी, तर सोडणारच नाही पाऱ्याला.
मी विचारलं, आणि माणसात?
ती जरा थांबली.
माणसात गंधक आधीच असतं, म्हणाली.
म्हणूनच तर.

वहीत तापमान लिहायचं राहिलं होतं.
पारा त्या बाबतीत फार हळवा,
अर्ध्या अंशानेही जागा बदलतो.
लिहिलं: पंचवीस.
अक्षर जरा वाकडं आलं. खोडलं नाही.