दारूखाना, भंगाराच्या काट्यावर

हरलेल्या देशाचं जहाज आलंय तोडायला.
तहाच्या सतराव्या कलमात त्याचं नाव आहे म्हणे.
मी कलमं वाचलेली नाहीत,
वजन लिहितो फक्त.

सुरुवात त्यांनीच केली होती, हे खरंय.
त्यांनी जाळलेली गावं
कुठल्याच काट्यावर चढणार नाहीत.

पण काल गॅसकटर पेटवून
मुश्ताक तसाच उभा राहिला.
कप्तानाच्या केबिनच्या दारावर
पेन्सिलीच्या रेघा, एकीवर एक,
कुणा पोराची उंची.
शेवटची माझ्या कमरेशी.

“हे पण?”
मुकादम म्हणाला, लोखंडच आहे ना?

दार एक. एकोणचाळीस किलो.
लिहिलं. खाली सही केली.

पोरगा मात्र वाढतच असणार कुठेतरी,
त्या रेघेच्या वर,
बेरीज-वजाबाकी शिकत.