दहा प्रश्न, प्रत्येकी एक गुण

सहावी 'ब'च्या मुलांना सांगितलं होतं,
आपल्या परिसराबद्दल दहा प्रश्न काढून आणा.
उत्तरं नकोत, नुसते प्रश्न.
मला वाटलं, काम वाचेल.

आता रात्रीचे साडेअकरा,
बेचाळीस वह्या,
आणि लाल पेनाचं टोपण चावून चपटं.

'बेलापूरच्या किल्ल्यात राजाचं बाथरूम कुठे होतं?'
'सेक्टर एकच्या आधी सेक्टर शून्य होता का?
असेल तर तिथे कोण राहायचं?'
'खाडीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?'
हा ओवी मढवीचा.
तिचे वडील वीस वर्षं वकिलाकडे खेटे घालतायत,
घरी जेवताना हेच चालत असणार.

मुत्थुकुमार विचारतो,
दिवाळ्याचा बहिरीदेव वर्षभर पाण्याखाली,
दिवाळीला कोळी बुडी मारून त्याला वर आणतात,
तर डोळ्यातलं पाणी निथळल्यावर
त्याला आधी काय दिसतं?
खाली पेन्सिलीनं, बारीक: 'टॉवर?'
बरोबरची खूण करायला माझा हात गेला
आणि आठवलं, हा तर प्रश्न आहे.

मलाही येत नाहीत उत्तरं.
मी करमाळ्याचा. ब्याण्णव साली आलो
तेव्हा शाळेमागे पाण्याचे चौकोन चमकायचे,
मी घरी पत्रात लिहिलं, इथे पुष्कळ तळी आहेत.
'तली नाय वो गुर्जी, आगर हाय,' शिपाई हसूराम म्हणाला,
'मीठ पिकतं त्यान.'
मीठ पिकतं.
दुष्काळी मुलखातल्या माणसाला
हे क्रियापद बरेच दिवस पुरलं.

तन्वी ठाकूर लिहिते,
'आमच्यात धवलारीण लग्न लावायची.
मग धवलारणीचं लग्न कोणी लावलं?'
बारकूबायला फोन करावा म्हटलं,
धवले येणारी गावठाणात ती एकटीच उरलीय.
पण फोनवर काहीही विचारा, ती हळदीचं गाणं धरते
आणि ते संपेपर्यंत फोन ठेवता येत नाही.

सगळ्यात खालची वही वेदिका भोईरची.
दहा नाहीत. एकच प्रश्न, आणि आधी चित्र.
वर चंद्र, सूर्य.
मध्ये सहा ओळी, वाचता न येणाऱ्या,
तिनं त्या मुंग्यांसारख्या काढल्यात.
खाली गाढव.
गाढवाखालची बाई खोडरबरानं पुसलीय,
पण कागद तिथे खरवडलेला राहिलाय.

तो दगड मला माहीत आहे.
गटाराच्या खोदकामात निघाला,
आता बस स्टॉपमागे शेंदूर लावून उभा.
रिक्षावाले नारळ फोडतात.
मीच वर्गात सांगितलं होतं,
शिलाहार राजा जमीन दान द्यायचा,
जो ती हिसकावेल त्याच्या आईला हा शाप,
चंद्रसूर्य असेपर्यंत.
गाढव काय करतंय, ते सांगायचं टाळलं होतं.

प्रश्न असा:
'सर, गावाची जमीन घेतली तेव्हा दगड मातीत होता.
शाप मातीखालून चालतो का?'

मी उठून पाणी प्यायलो.
चौथा मजला, भरावावरची इमारत.
घर घेताना वकिलानं तीस वर्षांचा शोध अहवाल दिला होता.
हजार वर्षांचा कोणी देत नाही.
आई करमाळ्यालाच असते, गुडघ्यांनी हैराण.
गेल्या आठवड्यात पडली. फार नाही.

वेदिकाच्या आजोबांची दीड एकर खार
नेमकी कुठे होती,
तीस वर्षांत मी विचारलं नाही.
हसूरामलाही नाही, तो होता तोवर.

एका प्रश्नाला एक गुण, नियम माझाच.
दहापैकी एक लिहिला.
खोडला.
मग मुंग्यांच्या ओळींखाली लिहिलं,
'आजोबांच्या शेताला नाव होतं का? विचारून ये.'
आणि सही केली.

वही मिटताना दिसलं,
सही पालकांच्या जागेवर झालीय.