जिन्याचे वेगळे

सुभान तडवीने माळ्यावर चढून टेप सोडली.
आढ्याखाली पाच फूट अकरा,
भिंतीशी जेमतेम साडेतीन.
खाली येऊन डोक्यावरची जळमटं झटकली
आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या फेब्रुवारीमागे लिहायला बसला.

पत्रे नवे, एकोणीस हजार.
पत्र्याखाली उष्णतेचा थर, साडेअकरा.
"इथे हात आखडू नका भाऊ,
यावलचा मे आहे, माणूस बिबड्यासारखा वाळेल."
फळ्या काढून नवा तळ, सव्वीस.
खिडकी एक, सातपुड्याकडे, चार हजार दोनशे.
वायरिंग सहा आठशे. मजुरी चौतीस.
एक लाख एक हजार पाचशे.
"पाचशे सोडा," म्हणाला, "आकडा शकुनाचा होतो."
रेघ मारली,
रेघेखाली लिहिलं : जिन्याचे वेगळे.

मग पेन कानावर खोचून :
"राहणार कोण? कायमचं की तात्पुरतं?
तात्पुरतं असेल तर लोखंडी शिडी टाकू,
सात हजारात काम."

हर्षला आत तूर निवडत होती.
भाऊबीजेला सुरतहून आली,
एक बॅग आणि ओव्हरलॉकचं मशीन.
ओवाळून झालं, ताट धुऊन फळीवर गेलं,
परतीच्या गाडीचं तिने काढलं नाही,
आम्हीही नाही.
आता होळीच्या गोवऱ्या रचून झाल्या होत्या.
चार महिने घरात जे कुणी विचारलं नाही
ते गवंड्याने चहा पिता पिता विचारलं.

तुरीचा आवाज थांबला.
"शिडी चालीन मले," आतून आलं.

शिडी सात. जिना एकतीस. फरक चोवीस.
मी विकास सोसायटीत बावीस वर्षं फरकच काढतो आहे,
तोंडी येतो मला.
आणि जिन्याला जागाही लागते,
तीन बाय आठ, ती स्वयंपाकघरातून जाणार,
हे मी म्हणणार होतो.

निलिमा उठली.
ज्वारीची कोठी दोन्ही हातांनी धरून
ओढत ओढत मोरीपर्यंत नेली,
मोकळ्या झालेल्या चौकोनात उभी राहिली
आणि म्हणाली, "पायऱ्या रुंद ठेवा."

माळा उतरवायला दोन दिवस गेले.
पऱ्हाटीच्या काड्या, बाळंतिणीची बाज,
कुणाची तरी एकच चप्पल,
आणि हर्षलाच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रावळी,
सुतळीत बांधलेल्या, चौदा वर्षांच्या.
वरच्यांचा हात लावताच चुरा झाला,
मधल्या धड निघाल्या.
तिनेच त्यांच्यावर पाणी शिंपडलं,
तिनेच माणसांना वाढलं,
भरीत, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा.
लोटन सुतार म्हणाला, "पत्रावळीवर चव येते बुवा."
ती म्हणाली, "घ्या अजून."
जेवणं झाल्यावर सगळ्या एकावर एक रचून
उकिरड्यावर टाकून आली.
हा खर्च कुठे लिहायचा मला कळलं नाही.

एकूण गेले एक लाख एकोणचाळीस हजार.
उष्णतेच्या थरात मी तीन हजार वाचवले होते,
सुभान नको म्हणत असताना,
म्हणून मे महिन्यात वर कुणीच झोपू शकलं नाही,
ती खालीच, अंगणात, आमच्यासारखीच
ओला पंचा अंगावर घेऊन.
त्याबद्दल ती अजून काही बोललेली नाही.

पण सकाळी ती वर जाते तेव्हा मी बघतो.
शिडीला दोन्ही हात द्यावे लागतात.
ती एका हातात चहाचा कप घेऊन चढते,
दुसरा मोकळाच,
मधेच सहाव्या पायरीवर थांबून
एक घोट घेते,
आणि दळण द्यायचं राहिलंय असं काहीतरी
निलिमाला वरूनच सांगते.