पहिलं पान

एकतीस वर्षं मी खराब नोटा वेगळ्या काढल्या.
नाशिक रोडच्या प्रेसमध्ये, ट्यूबलाइटखाली,
शाई फुटलेली, आकडा सरकलेला,
कड केसाएवढी तिरकी गेलेली:
बाजूला.
सुटताना झडती. अंबाड्यातल्या पिनासुद्धा बघायच्या.
तिथून कागदाचा कपटाही कधी घरी आला नाही,
हे आधीच सांगून ठेवते,
कारण पुढे सगळा कागदच आहे.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या दिवाळीत
पेन्शनीचा हिशेब मांडला.
भाऊबीज, व्याही, शेजारपाजार
सगळे त्यात बसवता बसवता
मीच बाहेर राहिले.

मग बिटकोजवळच्या झेरॉक्सवाल्या मुनीरला म्हटलं,
चुकलेली पानं फेकू नकोस रे.
एका अंगाला पुसट, तिरकं काहीतरी छापलेलं,
दुसरं अंग कोरं.
घडी अशी घालायची की छापलेलं पोटात जातं
आणि बाहेर नुसता पांढरा कागद उरतो.
पुठ्ठा द्राक्षाच्या पेटीचा.
पिंपळगावचा भाचा दरसाल एक पेटी आणतो,
द्राक्षं दोन दिवस पुरतात, पेटी वर्षभर.
खळ मैद्याची, चिमूटभर मोरचूद घालून,
नाहीतर झुरळांचं बारसं.
दाभण सासऱ्यांचं, पोती शिवायचं.
दोरा गोधडीतून उरलेला.
वहीमागे तीन रुपये. माझा चहा धरला तर नऊ.

धाकटे दीर म्हणाले, वहिनी, वीस रुपयांना दुकानात मिळते की.
मिळते की.
त्यांनीच दिलेला स्टीलचा डबा माझ्या माळ्यावर आहे,
बुडाशी कोरलंय:
सौ. प्रमिला खैरनार यांजकडून, २०-५-८८.
ह्या प्रमिलाबाई कोण,
ते दिरांनाही ठाऊक नाही.

फिलोमिनाला नाताळात दिली.
बावीस वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी,
बोटं ओली करायच्या स्पंजची डबी दोघींत एक.
गुडघे गेल्यापासून तिचं जग
शरणपूरच्या त्या खिडकीपुरतं.
वही उघडून तिने आधी वास घेतला,
म्हणाली, द्राक्षं!
आणि उशीखाली सारली.

दोन वर्षांनी ती गेली.
महिन्याभराने तिचा ऑस्टिन वही परत घेऊन आला,
म्हणाला, मावशी, तुमची आहे ना?
मी चष्मा लावून एकेक पान उलटलं,
जुन्या सवयीने, अंगठ्याने.
कोरं. कोरं. कोरं.
शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात
पेन्सिलीने, पुसता यावं इतकं हलकं:
लिहिलं तर खराब होईल.

रडू नाही आलं मला. संताप आला.
अगं बाई, तीन रुपयांची वही ती!
गोळ्यांच्या वेळा लिहायच्या,
दूधवाल्याचे खाडे लिहायचे,
सुनेबद्दल लिहायचं, मग चिकटवून टाकायचं पान,
खळ मागितली असतीस तर दिली असती.

तेव्हापासून वही शिवून झाली
की पहिलं पान मीच खराब करते.
कधी कपाचा गोल डाग.
कधी पेन चालतं का बघायला ओढलेल्या भिंगऱ्या.
कधी यादी: काडेपेटी, हिंग, गूळ,
निळ, पुन्हा गूळ, खोडलेला.
हात अजून अडखळतो.
एकतीस वर्षं त्याला उलटंच शिकवलंय.

पुतणी कीर्तिदा म्हणाली, काकू,
चुकून तुमचीच वापरलेली वही दिलीत.
म्हटलं, हो का? राहू दे आता.

काल वॉचमनची धाकटी, तुळसा, जिन्यात भेटली.
वही छातीशी धरून,
पुठ्ठ्याचे कोपरे आत्ताच मोडलेले,
पानांत कसलं तरी पीस.
बघू, म्हटलं तर आधी देईना.
मग पहिलंच पान दाखवलं.
माझ्या खोडलेल्या गुळाखाली
मोठाल्या, ओळ सोडून घसरणाऱ्या अक्षरांत:
आनला. खाल्ला. संपला.