आरपार जागा

कॅम्पग्राउंडच्या खिडकीतली मुलगी विचारते,
आरपार हवी, की मागे घ्यायची?
आरपार म्हणजे इकडून शिरा, तिकडून निघा,
रात्रीला बारा डॉलर जास्त.
मी म्हणते, आरपार.
सांगत नाही की अठ्ठावीस फुटांची ही गाडी
मला फक्त पुढे नेता येते.

एकतीस वर्षं मागे घेतली ती वेंडेलनं.
मी टॉर्च घेऊन मागे उभी,
येऊ दे, येऊ दे, डावीकडे, अरे तुझ्या डावीकडे,
थांब म्हटलं ना!
मोंटानातल्या एका पाइनच्या बुंध्याला
अजून आमचा पांढरा रंग लागलेला असेल.
त्या रात्री बोललो नाही.
बीन्सचा डबा मात्र एकाच चमच्यानं संपवला.

जूनपासून वहीत लिहिलंय:
पेट्रोल, प्रोपेन, टाकी रिकामी करायचे दहा,
नाण्यांवरची अंघोळ, पाच मिनिटांना दोन.
आणि त्याखाली रोज, बारा.
बारा. बारा.
ऑगस्टअखेर बेरीज केली.
एकोणसाठ रात्री, सातशे आठ डॉलर.
दोन टायर आले असते.

म्हणून डांबर सोडून मातीच्या रस्त्याला वळले.
सरकारी जमीन, चौदा दिवस फुकट,
नळ नाही, दिवा नाही,
समोर विंड रिव्हरचे डोंगर,
कड्यांच्या खाचांत जुना बर्फ, बनियनसारखा मळका,
आणि बघायचं तिकीट कोणी मागत नाही.
सपाट जागा एकच,
दोन खडक आणि ओढा यांच्या मध्ये.
मागे घेतल्याशिवाय शिरणार नाही अशी.

आरशात पाहिलं.
एकतीस वर्षं त्याला ह्यात मी दिसत असणार,
हात हलवणारी, चिडलेली.
मला गवत दिसलं.

इंजिन चालू ठेवून नुसती बसले.

मग मेंढ्या आल्या.
आधी आवाज, मग धूळ, मग आठशेएक पाठी
आणि एक पांढरा कुत्रा,
ज्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं.
मागून घोड्यावर एलेउतेरिओ,
तीन वर्षांच्या कागदांवर पेरूहून आलेला,
पलीकडच्या टेकाडावरचं गोल टपाचं चाकांचं घर त्याचं.
हे सगळं नंतर कळलं, कॉफीवर.
तेव्हा तो फक्त उतरला,
खडक पाहिला, ओढा पाहिला, मला पाहिलं,
आणि आरशात जाऊन उभा राहिला.

दाले, दाले, दाले.
हात स्वतःकडे ओढत, जणू मीही कळपातलीच.
दाले. दाले.
मग तळहात.

मी थांबले.
पहिल्याच सांगण्याला थांबले, वेंडेल.
तू कधी थांबला नाहीस.

तुझं घर कोण मागे घेतं? मी विचारलं,
अर्धं हातांनी.
मालकाचा ट्रक येतो, म्हणाला, ओढून नेतो.
कुठे न्यायचं ते तोच ठरवतो.
कपात साखर चार चमचे घेतली त्यानं.
वहीत लिहिलं: जागा, शून्य. साखर, बघू.

आता रोज सकाळी
गाडी वीस फूट पुढे घेते, आणि मागे.
खिडकीतून मान काढून स्वतःवरच ओरडते,
येऊ दे, येऊ दे.
काल एक चाक ओढ्यात गेलं.
पांढरा कुत्रा आला,
थोडं अंतर राखून बसला,
आणि शेवटपर्यंत बघत राहिला.