प्रत नाही

दोनापावलच्या जेट्टीवर आता मी
पाणी न शिरणाऱ्या मोबाईल-पिशव्या विकतो.
शंभरला एक, दीडशेला दोन.
गळ्यात दोरी अडकवायची सवय तशीच आहे,
दोरीला लटकणारं वजन तेवढं गेलं.

आधी तो काळा डबा होता.
बटण दाबलं की घर्रर करून जीभ बाहेर काढायचा
आणि जिभेवर काहीच नसायचं.
दुधाळ चौकोन.
गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, फसलो म्हणून.
मी म्हणायचो, थांबा.
दोन मिनिटं. हलवू नका. उन्हात धरू नका.
जानेवारीत वारा सुटला तर काखेत धरा,
ऊब लागते त्याला, अंड्यासारखी.

हसायचे लोक. पण धरायचे.
नव्या साडीतल्या नवऱ्या, बँकेतले साहेब,
भाड्याची हॅट डोक्यावर, काखेत समुद्र,
उभे राहायचे माझ्यासमोर
छडीची वाट बघणाऱ्या पोरांसारखे.

पाकिटात दहा कागद. अकरावा नाही.
आंतोन तारवटी बोटीवरून आणायचा
साबणाच्या वड्यांमध्ये दडवून,
आणि हिशेब बायकोच्या देखत करायचा नाही.
एका वर्षी तो रिकाम्या हातानं उतरला.
बनवायचंच बंद केलं म्हणतात, शाणू.
मी म्हटलं, कोणी?
त्यानं समुद्राकडे हात केला,
जणू तिकडे कुठे एक माणूस बसला होता
आणि त्याला कंटाळा आला होता.

परवा इचलकरंजीची एक बाई आली.
पिशवी नको म्हणाली.
पर्समधून रुमाल, रुमालातून प्लास्टिक,
प्लास्टिकमधून एक कागद,
चहा सांडून पुसल्यासारखा.
माणूस गेलेला. समुद्रही गेलेला.
खालच्या पांढऱ्या पट्टीवर मात्र माझं अक्षर ठणठणीत:
दोनापावल, ९ जानेवारी ९४, शाणू.

'आईनं खिडकीसमोर लावला होता. उजेडात दिसावेत म्हणून.
दुसरा फोटो नाही बाबांचा. मागावर असायचे, सवड कुठली.
तुमच्याकडे याची प्रत असेल ना?'

प्रत.
कसं सांगू बाई, ह्याला निगेटिव्ह नसते.
निघतं ते तेवढंच निघतं,
आणि ते तुम्ही घेऊन जाता.
सोळा वर्षं फोटो काढले मी,
घरात एक नाही.

ती गेली नाही. उभी राहिली,
माणसं उभी राहायची तशी, दोन मिनिटं.
म्हणून मी बोललो.
म्हटलं, आठवतात. उंच होते.
फोटो काखेत धरला, शर्टाच्या आतून,
आणि गुदगुल्या झाल्यासारखे हसले.
हॅटचे पाच रुपये द्यायचे विसरले,
हा पास्कू मागे धावला.

खरं होतं का?
कोणाचं तरी खरं होतं.
चेहरे माझ्याकडे राहिलेच नाहीत कधी,
ते मी हातोहात देऊन टाकले.
राहिलं ते त्यांचं थांबणं.
कुठलं थांबणं कुठल्या माणसाचं,
ते मला आता जुळवता येत नाही.

ती म्हणाली, 'उंच नव्हते हो.'
मग कागदाची घडी नसलेली घडी नीट करत,
'पण गुदगुल्या व्हायच्या त्यांना. फार.'

दोन पिशव्या घेतल्या. दीडशे दिले.
बसकडे निघाली तेव्हा
एक हात अंगाशी घट्ट आवळून चालत होती.
पर्स सांभाळत असेल.

पास्कू हॅटी रचत होता, मान वर न करता म्हणाला,
ते पांच रुपया म्हाका अजून मेळूंक नात.