कुरकुरणारा

जहाजावर माझ्याकडे दोन होते,
प्रत्येकी म्हशीएवढा.
तीस बारवर हवा बाटलीत कोंडायची,
बाटली म्हणजे, आत माणूस उभा राहील अशी.
ती सोडली की तीन मजली इंजिन
एकदा अंग झाडून जागं व्हायचं.
बावीस वर्षं त्या जागेपणात गेली.

आता मला हवंय आठ बार.
हर्णैला, घरामागे, जाळी ठेवायच्या पडवीत.
जाळी नाहीत आता. थोरल्या भावाची लॅम्ब्रेटा आहे,
सुटी सुटी करून फणसाच्या फळीवर मांडलेली:
टाकी, मडगार्ड, पुढचं शील्ड.
खारा वारा जिथे जिथे चाटून गेला
तिथला गंज खरवडला. आता रंग मारायचा.
ब्रशने नव्हे. ब्रशने होडी रंगवतात.

दापोलीत परकारांच्या दुकानात
ओवेस दोन दाखवतो.
पोरगा माझ्या नातवाच्या वयाचा, पण सांगतो नीट.
हा चोवीस लिटरचा, बिनतेलाचा, उचला आणि न्या.
हा पन्नासचा, पट्ट्यावर चालणारा, तेल बघावं लागेल,
उतरवायला दोन माणसं, पैसे दीडपट.
"काका, गन किती हवा पिते ते आधी बघा.
टाकी म्हणजे हंडा, पंप म्हणजे नळ.
बारीक नळाखाली मोठा हंडा ठेवून काय करणार?"
मी मान डोलावतो.
हे मला त्याच्या जन्माआधीपासून ठाऊक,
पण हंडा म्हणाला, ते आवडलं.

मग व्होल्टेज.
संध्याकाळी सातला आमच्या आळीतले दिवे पिवळे पडतात.
एकशे ऐंशीवर दोन हॉर्सपॉवरची मोटर
नुसती घुमेल, फिरायची नाही.
म्हणून दीड. आणि रंगकाम सकाळी,
पिठाची गिरणी सुरू व्हायच्या आत.

इथपर्यंत सोपं.
पुढचा प्रश्न आवाजाचा,
आणि तिथे माझा उपयोग नाही.
ओवेस एक लावतो, बंद करतो, दुसरा लावतो.
मला दोन्ही सारखेच: लांब कुठेतरी कुणी दळतंय.
इंजिनरूमने माझे कान ठेवून घेतले,
पावती दिली नाही.

म्हणून शालनला आणलंय.
ती प्लास्टिकच्या खुर्चीवर, पिशवी मांडीवर,
पिशवीत बहिणीसाठी सोडे.
"लाव तो पयला." डोळे मिटते.
"आता त्यो." पुन्हा मिटते.
कलिंगड घेतानाही अशीच,
टिचकी मारून, कुणाशी न बोलता.
ओवेस, मी आणि रंगाचे डबे वाट बघतो.

"ह्यो वराडतो," ती म्हणते. "त्यो कुरकुरतो.
कुरकुरनाऱ्याबरोबर ऱ्हायची सवय हाय मला."

ओवेस हसत नाही. बिलबुक उघडतो.
शहाणा पोरगा.

आता तो पडवीत आहे, रबराच्या पायांवर,
भिंतीपासून हातभर लांब, वारा लागावा म्हणून.
रोज काम संपलं की टाकीखालचा कॉक उघडतो.
वाटीभर पाणी, तांबूस.
आमच्याकडची हवा दाबली की तिचं पाणी होतं,
श्रावणात दोन वाट्या होईल.
हे गनमध्ये गेलं तर रंगाला देवीचे व्रण.
म्हणून नळीत गाळणीही बसवली,
ती ओवेसने फुकट दिली नाही.

स्कूटरला अजून हात लावलेला नाही.
आधी सांधे. रात्रीतून दाब उतरतो,
आठाचे सहा, कुठूनतरी.
गळती बारीक बोलते, नेमकी त्या पट्टीत
जी माझ्यापुरती केव्हाच बंद झाली.
साबणाचा फेस करतो, जुन्या दाढीच्या ब्रशने
एकेका जोडावर लावत वाकून बघतो,
चष्मा कपाळावर.

शालन मागच्या पायरीवरून, तांदूळ निवडता निवडता:
"डाव्या अंगाला. जरा खाली."

लावतो.
एक बुडबुडा फुगतो,
थांबतो,
आणखी फुगतो.